सभामंडपातलं साखरेचं शिबिर

सन्माननीय अध्यक्ष सरपंच प्रेमराज आबा, व्यासपीठावरचे डॉक्टर भूषणसाहेब, आशाताई रूपाली, आणि उकाड्यात केळीची कामं सोडून आलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

धुळ्याकडची ही आरोग्यसेविका 'आहे'ला सारखं 'शे, शे' म्हणते म्हणून पहिल्या वर्षी तुम्ही हसला होतात. आज निरोपाची शाल दिलीत. डॉक्टरसाहेबांनी माझ्या सुवाच्य नोंदवहीचं कौतुक केलं. आबा म्हणाले, सुनंदाबाईंनी साखर-बीपीचं दर महिन्याचं शिबिर मारुतीच्या या सभामंडपात भरवून आरोग्य देवाच्या दारी आणलं. खरं आहे. जागा मीच निवडली. सावली आहे, पंखे आहेत, शनिवारी माणसं आपसूक येतात. केवढी हुशारी!

बेबाबाई आठवते का हो कोणाला? केळीच्या पॅकिंगवर बसायची, अंगाने जड, हसरी. 'खात्यापित्या घरची' म्हणून आपणच तिचं कौतुक करायचो. साखर निघाली तेव्हा माझ्या एका शब्दावर तिने चहातली साखर सोडली. चार महिने गोळ्या नेल्या, साखर ताब्यात आली. मग यायची बंद झाली. गोळ्या शिबिरातच मिळायच्या, त्याही बंद झाल्या. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, गैरहजर. सलग आठ महिने. घर चार गल्ल्यांवर, पण मी गेले नाही. मला राग आला होता, आणि तो मी जपला.

तिची पाळी जाऊन पाच वर्षं झाली होती. पुन्हा रक्त दिसू लागलं. शेजारणी म्हणाल्या, तारुण्य परत आलं गं! अशक्तपणाने पडली तेव्हा सुनेने, ज्योतीने, जळगावला नेलं. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर. ऑपरेशन लगेच हवं होतं, पण साखर निघाली चारशेच्या वर. डॉक्टर म्हणाले, आधी साखर खाली आणा. ती आणण्यात दीड महिना गेला, आणि आजार काही थांबून राहिला नाही.

मी दवाखान्यात गेले ते रागावायलाच. म्हटलं, शिबिराला का येत नव्हतीस?

"येत तर होती मी, बाई. खाले पायरीजवळ उभी राहे. माले अंगावरून जाये, देवळात कशी चढू? तुमी वहीत डोकं घालून बसेल राहा."

आबा, असं रक्त ज्या बाईला जातं, तिचीच तपासणी सगळ्यात आधी व्हायला हवी. अंग जड, त्यात साखर, आणि पाळी गेल्यावर थेंबभर जरी रक्त, तर एक दिवस थांबू नये. हे मला शिकवलेलं होतं. आणि मी शिबिर भरवलं ते नेमकं तिला चढता येणार नाही अशा जागी! तुम्हाला हे ऐकताना अवघडल्यासारखं होतंय, दिसतंय मला. होऊ द्या. ती आठ शनिवार अवघडून उभी होती.

बेबाबाई मार्गशीर्षात गेली.

पुढचं शिबिर शाळेच्या ओट्यावर घ्या, एवढंच मागते. आताही पायरीखाली दोघी-तिघी उभ्या आहेत. आत का येत नाहीत, ते मी विचारणार नाही. रूपाली, वही घेऊन तूच खाली जा.

शालीबद्दल, जेवणाबद्दल, इतक्या वर्षांच्या मायेबद्दल तुमची ऋणी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. बाकीच्याची माफी जिच्याकडे मागायची, ती आज पायरीखालीही नाही.