तोफेच्या भोकाचं झाकण

न्हाई न्हाई, खेळणं न्हाई ते — घ्या हातात, पण जपून, ते पितळेचं झाकण चटकन पडतंय. जहाजाच्या भिंतीचा लहानगा नमुना हाय तो — लाकडाची, वरून लोखंडी पत्रा, अन् मधी हे तोफेचं भोक. आमच्या हिंगोलीकडल्या गोरेगावात जहाज कुठून आलं? सांगते ना. हिंगोलीच्या टेसनावर रेल्वेचे गोरे साहेब होते, त्यांच्या बंगल्यावर मी झाडलोट करायची. साहेबाच्या आज्यानं केलेला नमुना हा, जुन्या लोखंडी जहाजांसाठी — तिकडल्या सरकारला दाखवला, सरकारनं घेतला न्हाई. माझा पोरगा रामकिशन तिथंच लहानाचा मोठा झाला. साहेब त्याला समजावून सांगायचे — तोफेचं तोंड भोकातच राहतंय, मागची बाजू तेवढी वर-खाली होते, म्हणून भोक लहान ठेवता येतं. भोक लहान, तर बाहेरचा गोळा आत शिरत न्हाई, आतली माणसं जगतात. विलायतेला जाताना साहेब हे त्यालाच देऊन गेले.

मग लढाई लागली, अन् पोरगं निघालं आरमारात. मी रडाया लागले तर हेच माझ्यापुढं ठेवलं त्यानं — बघ माय, आतल्या माणसांसाठी किती डोकं लावतेत, तू काहून भेतीस? आता न्हाई रडत मी. वरीस झालं त्या निरोपाला. चावडीवर निरोप आला — कामावर असताना रामकिशन गेला. बस. बोट बुडाली का, म्हणून विचारलं, तर म्हणे न्हाई, बोट बंदराला लागली. बोट साबूत, बाकीचे साबूत — मग माझंच लेकरू कसं गेलं? कोणी सांगंना. तुमी त्याच्याच बोटीवरले, मुंबईहून एवढी तकलीफ घेऊन आले, तर —

अगं बाई! काहून दचकले? झाकण पडलं नुसतं. पाणी घ्या. तुमी इंजिनापाशीच होते ना, त्याच्यासंगं? खालून पाण्यातला सुरुंग लागला? पाणी शिरलं? बरं, तुमी वर आले — अन् पाणी शिरल्यावर काय करतेत? दार लावतेत. वरून. अन् तो खालीच होता.

थांबा. दार — तुमी लावलं व्हय?

मान खाली घालू नका. हुकूम झाला असंल, न्हाई कसं? वर तुमच्यावानी किती लेकरं असतील, त्यांच्याबी आया घरी बसल्या असतील — बराबर केलं. बराबरच केलं. त्यानं आतून दार वाजवलं का हो? हाक मारली? तुमाला मारली, का मला — न्हाई, सांगू नका. हात जोडते, सांगू नका.

ऊठ. ऊठ लेकरा, माझ्या पाया पडू नको. तुला शिव्या देणार न्हाई मी. जेवून जा, असंबी म्हणणार न्हाई — तेवढं माझ्यानं व्हायचं न्हाई. तुझी माय हाय ना? मग तिच्याकडं जा. जा म्हणते ना.