कागदापुरता घटस्फोट

(रोमानियातलं सुचावा शहर. पावाच्या दुकानाची मागची खोली. स्मारांदा कणीक मळते आहे; तिचा नवरा होरिया कोट न काढताच उभा.)

स्मारांदा : म्हणजे घटस्फोटासाठी नोटरीची वेळ आधी घेतलीस, आणि बायकोला आत्ता सांगतोयस.

होरिया : नीट ऐकून तरी घे. नव्या अर्थसंकल्पात नवरा-बायकोच्या कंपन्या एकच धरणार आहेत. तुझं दुकान, माझा खिडक्यांचा कारखाना, सगळी विक्री एकत्र. झालो आपण मोठे उद्योगपती! छोट्यांची सवलत गेली, आता नफ्याचा लचका तोडणार.

स्मारांदा : वाचलंय मी.

होरिया : मग त्यांच्यावर चीड ना. जुना कर धरून भाव दिलेत मी, वर्षभराची कामं घेतलीत. गिऱ्हाइकाला काय सांगू, सरकारचं मन बदललं म्हणून खिडकी महाग झाली?

स्मारांदा : त्यांच्यावर सकाळपासून चिडलेच आहे. तुझी पाळी आत्ता आली.

होरिया : अगं, सगळे हेच करताहेत. कर सल्लागार बाईच म्हणाल्या. कोर्टात जायला नको, नोटरीसमोर दोन सह्या करायच्या, की सुटलो. चर्चमधलं लग्न तसंच राहतं. घर तेच, पलंग तोच.

स्मारांदा : बाई आणखी काय म्हणाल्या?

होरिया : आणखी काही नाही.

स्मारांदा : मी सकाळी बोलले त्यांच्याशी. नवा कर भरूनही दोन्ही धंदे चालतील म्हणाल्या. फक्त तुझ्या आतेभावाला दोन वर्षं नफ्यातला वाटा कमी द्यावा लागेल.

होरिया : नेलू नाही थांबायचा. इटलीत बसून त्याला चार जागा दिसतात पैसे गुंतवायला. त्याच्या भांडवलावर ते कापायचं यंत्र उभं आहे. त्यानं हात काढला तर माणसं घरी बसतील माझी.

स्मारांदा : तीच माणसं कारखान्याची पहिली दोन वर्षं कुठलं खात होती? याच भट्टीतलं. त्याला गुंतवणूक म्हणत नाहीत, नाही का?

होरिया : तसं म्हणालो का मी?

स्मारांदा : वाटा कमी घे, असं नेलूला विचारलंस?

होरिया : ते नाही विचारलं. घटस्फोटाचं सांगितलं.

स्मारांदा : काय म्हणाला?

होरिया : म्हणाला, वहिनी समजूतदार आहेत, करतील सही.

स्मारांदा : म्हणजे माझा घटस्फोट नेलूला माझ्याआधी माहीत.

होरिया : कायदा मी केला नाही, स्मारांदा! मीही माणूस आहे. चार दिवस झोप नाही मला.

स्मारांदा : त्या चार दिवसांत शेजारीच झोपत होते मी. उठवायचंस.

होरिया : चुकलं माझं. पण आता वेळ नाही. उद्या सकाळी बोलावलंय नोटरीनं.

स्मारांदा : येते.

होरिया : करशील सही?

स्मारांदा : करते. नोटरी आडनाव विचारतात. मी माझं माहेरचं परत घेणार आहे.

होरिया : ते कशाला? कागदापुरतंच आहे, म्हणालो ना.

स्मारांदा : हो. मीही कागदावरच मागणार आहे.