पाठीवरचं वझं

मिरजगावच्या एसटी स्टँडवर शामकांत गुरुजींच्या मागच्या बाकावर नातीला सोडायला आलेली एक आजी बसली होती.

“आज्जे, बॅग एवढी जड कशी? चालताना पाठीवर वजनाला दहा किलोच ज्वारी घ्यायचा नियम हाय. सीना नदीच्या वाळूत तेवढ्याचाच सराव केलाय मी.”

“लाडू घातल्यात. शेंगदान्याची चटनी बी.”

“काढ! आजोबा आन त्यांच्यासंगं शहीद झालेल्या जवानांच्या आठवनीत वाळवंटातनं चाळीस किलोमीटर चालायचंय, जत्रंला न्हाई चालले.”

“तुजे आजोबा बी सुट्टी संपली की असंच कुरकुरायचे. ‘मालन, लई वझं करतीस.’”

“मंग?”

“शेवटच्या बारीला रागानं रिकामीच दिली पिशवी.”

गुरुजींची गाडी लागली, पण ते उठले नाहीत.

“आज्जे, हातातला डबा कसला?”

“धपाट्याचा. ऱ्हाऊ दे आता.”

“आन इकडं.”