मेलो तेव्हा सगळ्यांना आवडलो

...आणि वर तोंड करून मलाच म्हणतात, ‘माणूस आवडायला पाहिजे’! आईशप्पथ सांगतो, ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे... म्हणजे शब्द खरे आहेत, कोण कोणाला म्हणालं त्यात थोडं इकडचं तिकडे झालं असेल, आणि आईची शपथ जरा जपूनच घेतो, कारण ती स्वतः तिथे होती आणि तिचं म्हणणं वेगळंच आहे... पण बाकी सगळं खरं!

तर मी रेमी थिबो. राहणार सडबरी, कॅनडा. धंदा, मरणे. हसू नका! टीव्हीवर खुनाच्या मालिका बघता ना तुम्ही? त्यात पहिल्या मिनिटाला एक प्रेत सापडतं, बरोबर? ते मी. गाडीच्या डिकीत मी, खाणीच्या खड्ड्यात मी, गोठलेल्या तळ्यावर निळा पडलेला तो मी. आणि सोपं वाटतं का तुम्हाला? अहो, त्या थंडीत श्वास घेतला की तोंडातून वाफ येते, आणि वाफ सोडणारं प्रेत कोणाला पाहिजे? म्हणून आधी तोंडात बर्फाचा खडा ठेवायचा, आतलं आणि बाहेरचं गार एक करून टाकायचं, आणि मग पडून राहायचं. ही कला आहे, कला! आणि मला म्हणतात, माणूस आवडायला पाहिजे!

आता झालं काय, गेल्या वसंतात माझे वडील गेले. त्यानंतर आईनं मला टीव्हीवर बघायचंच सोडलं. म्हणाली, “रेमी, तू बर्फावर पडलेला दिसलास की मला तुझ्या बापाचं तोंड दिसतं रे. एकदा, फक्त एकदा, जिवंत दिसून दाखव. मग मर हवा तितका.” मी शब्द दिला. म्हटलं, आई, पुढच्या मालिकेत मी शेवटच्या भागापर्यंत श्वास घेईन.

दिला खरा शब्द, पण काम मिळालं कसलं? प्रेताचं.

मालिका मार्गो हॅलोरननं लिहिलेली. मार्गो म्हणजे जळता निखारा. तिच्या मालिकेत एक माणूस धड नाही! तपास करणारा दारुडा, म्हाताऱ्यांना लाथा घालतो. त्याची बायको शेजाऱ्याला चहातून काहीतरी पाजतेय. महापौर चोर, पाद्री त्याहून चोर. आणि चॅनलचा साहेब, कीथ, दात पांढरे आणि डोकंही तितकंच कोरं, तो म्हणतो, “मार्गो, ह्यात आवडण्यासारखं कोण आहे?” मार्गो म्हणाली, “कोणीच नाही. लोक काय सोयरीक जमवायला बसलेत का, की मुलगा चांगला पाहिजे? पुढे काय करेल हे कळेना झालं की बघतात लोक!” कीथ म्हणाला, “ते ठीक आहे गं, पण माणूस आवडायला पाहिजे.”

म्हणून टोरांटोला एका हॉलमध्ये लोक बसवले. प्रत्येकाच्या हातात एक गोल बटण. आवडलं तर उजवीकडे फिरवायचं, नाही आवडलं तर डावीकडे. आणि मागच्या खोलीत पडद्यावर त्याची रेघ वरखाली होते. तपास करणारा आला, रेघ खाली. बायको आली, आणखी खाली. पाद्री आला तर रेघ जमिनीला टेकली! सबंध भागात रेघ एकदाच वर गेली, आणि गेली ती थेट छताला... कधी? मी बर्फावर मेलेला असताना! काही न बोलता! नाकावर एक बर्फाचा कण, बस्स!

कीथ उभाच राहिला. “हा! हाच! हा पुढे कुठे गेला?”

“मेलाय तो,” मार्गो म्हणाली. “तो मेलाय म्हणूनच मालिका आहे.”

“मग त्याला जिवंत कर ना!”

आणि केलं की हो! जुळा भाऊ काढला माझा! आता हे ऐकून मी काय केलं असेल? आईला फोन! आई, मी बोलणार! चालणार! सूप पिणार! आई रडली. बर्फावर दगड सरकवायच्या तिच्या कर्लिंग क्लबात सगळ्यांना सांगून आली, माझा रेमी जिवंत झाला म्हणून, आणि त्या बायका बिचाऱ्या घाबरल्याच.

जुळ्याला तर कीथनं देवमाणूस करून ठेवलेला. चर्चमध्ये गरिबांना सूप वाढतो, म्हातारीच्या दारातला बर्फ काढतो, कुशीत कुत्र्याचं पिल्लू. मार्गो मला म्हणाली, “रेमी, तुझं वाईट नाही चिंतत, पण लोक तुला फाडून खातील.” मी म्हटलं, जळतेस तू!

पुन्हा टोरांटो, पुन्हा लोक, पुन्हा बटणं. तुम्हाला सांगतो, मी कच्चा खेळाडू नाही. मिशी लावली, चष्मा लावला, आणि स्वतःच लोकांत जाऊन बसलो. शेजारी आई, मांडीवर बटर टार्टचा डबा. म्हटलं, एक बटण माझं, एक आईचं. दोन बटणं तर घरचीच!

पडदा सुरू. मी आलो. सूप वाढलं. मागची बाई लगेच नवऱ्याला, “ह्यानंच मारलंय भावाला.” नवरा म्हणतो, “कशावरून?” “अरे, इतकं गोड कोण बोलतं? बघ, बघ, पिल्लाला कसं धरलंय! सोड रे मेल्या त्याला!” तेवढ्यात तो दारुडा आला, म्हाताऱ्याला लाथ घातली, तर नवरा खूश! “हा बघ, हा निदान नाटक तरी करत नाही!” म्हणजे लाथ घालणारा चालतो! सूप वाढणारा नाही! आणि मला म्हणतात, माणूस आवडायला पाहिजे!

मी रागानं माझ्या बटणाकडे बघितलं, तर माझाच हात... माझाच, अहो... डावीकडे! काय करणार? मलाही तो बघवेना! सारखं मान वाकडी करून हसतो! मी असा हसतो का हो? नका सांगू.

घाईघाईनं आईकडे वळलो. तिनं बटण डावीकडे इतकं पिळलेलं की तुटायचं बाकी. दात आवळलेले, डबा तसाच बंद.

“आई, अगं, तो मी आहे!”

“गप्प बस, ऐकू दे! डुक्कर आहे मेला. फसवतोय सगळ्यांना.”

“आई, तुला मघापासून बाथरूमला जायचंय ना?”

“हा मेल्याशिवाय मी उठत नाही!”

आणि शेवटी चॅनलची एक पोरगी विचारायला आली, कोणाला काही बोलायचंय का, तर आमची मातोश्री उभी! “त्या सूपवाल्याला मारा. लवकर मारा, आणि पुढचा भाग कधी आहे ते सांगा!” लोकांनी टाळ्या वाजवल्या! कीथ मागून धावत आला, “ह्या बाईंचं बरोबर आहे!” आणि मारलं मला. चौथ्या भागात, सौनामध्ये, वाफेच्या खोलीत. मेलो मात्र, आणि रेघ पुन्हा छताला!

टोरांटोला तोही भाग बघून दोघं घरी येताना बसमध्ये मी आईला म्हटलं, तूच म्हणालीस ना, जिवंत दिसून दाखव? तर टार्ट खाता खाता म्हणते, “तू मेलास की माझी झोप उडते रे. तो मेला, तर आज मला झोप लागेल.” आणि लागली हो! माझ्याच खांद्यावर, थेट सडबरीपर्यंत!

आता मी कोणाला शिव्या घालू, सांगा!

नाही, तुम्ही काय हसताय? तुम्ही, भिंतीपाशी, निळ्या जाकिटातले! पहिल्या वाक्यापासून तोंड वाकडं करून बसलात, मी तुम्हाला एक क्षणसुद्धा आवडलेलो नाही, ते मला इथून दिसतंय. पण उठलात का? नाही ना? मग काढा. ज्यांना मी आवडलो त्यांनी ह्या टोपीत पाच डॉलर टाका... आणि ज्यांना नाही आवडलो, तरी शेवटपर्यंत बसले, त्यांनी दहा.