बघण्याचे नियम

सबॅस्टियन: चुकून बुक झालं असेल गं. कॅन्सल कर, खलास.

आग्नेस: चुकून नाही, सेबी. सगळं वाचून केलंय.

सबॅस्टियन: हळू बोल, आपली फियोना आत अभ्यासाला बसलीय. अगं, क्रोएशियातलं ते रिसॉर्ट... तिथे लोक उघडे फिरतात!

आग्नेस: सगळीकडे नाही. पूलमध्ये कपडे चालत नाहीत. समुद्रावर ज्याची त्याची मर्जी. जेवायला मात्र कपडे घालूनच यायचं.

सबॅस्टियन: आणि ते 'अडल्ट्स ओन्ली'?

आग्नेस: मुलं आणायची नाहीत, एवढंच. फियोना शेजारच्या नयनाकडे राहील. तुझ्या मनात आहेत तसली ठिकाणं वेगळी. मी फोन करून स्पष्ट विचारलं. कुणी फोटो काढला, टक लावून बघितलं, तर बाहेर काढतात.

सबॅस्टियन: हे तू फोनवर विचारलंस? आपण इथे आखातातही दर शुक्रवारी चर्चमध्ये मिसाला जाणारी माणसं. वसईला आईला कळलं तर?

आग्नेस: मी नाही सांगणार. तूही नको सांगू.

सबॅस्टियन: पण का? इथे कंपाउंडच्या पूलवर तू पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून कडेला बसतेस.

आग्नेस: ब्रेस्ट काढल्यापासून बसते. आधी पोहायचे.

सबॅस्टियन: तसं नव्हतं म्हणायचं मला.

आग्नेस: वॉर्डात नर्स म्हणून दुसऱ्या बायकांच्या जखमांचं ड्रेसिंग करते. त्यांना सांगते, लाजू नका. आणि घरी आरशाकडे पाठ करून कपडे बदलते. एकदा तरी अंगावर ऊन घ्यायचंय रे. कुणी कीव न करता.

सबॅस्टियन: परक्यांसमोर?

आग्नेस: आधी मी कशी होते, ते परक्यांना माहीत नाही.

सबॅस्टियन: मी कधी कीव केली?

आग्नेस: तू बघतच नाहीस. मी खोलीत आले की दिवा बंद करतोस.

सबॅस्टियन: तुला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

आग्नेस: मला वाटलं, तुला बघवत नाही.



सबॅस्टियन: भीती वाटायची. तोंडातून काहीतरी भलतंच निघेल म्हणून.

आग्नेस: निघू द्यायचं होतंस. गप्प राहण्यापेक्षा बरं.

सबॅस्टियन: तिथे... मलाही कपडे काढावे लागतील?

आग्नेस: समुद्रावर नाही. खुशाल चड्डी घालून बस.

सबॅस्टियन: बसेन. तुझ्याजवळच बसेन. आग्नेस... जखम नीट भरली ना गं?

आग्नेस: दार लाव. दाखवते.