गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही

गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचं नाही! बस. आमच्या घरात नियम म्हणाल तर हा एकच. का? विचारायचं नाही! आजोबांनी घालून दिलाय, भट्टी पहिल्यांदा पेटवली त्या दिवशी, आणि तेव्हापासून घरात कुणी ‘का’ विचारलेलं नाही. आणि हे मी तुम्हाला का सांगतेय, तर काल आलेल्या एका फोनमुळे.

आम्ही दारांची पितळी हँडलं करतो. म्हणजे आजोबा करायचे, आता बाबा करतात, आणि मोठे काका ‘होऊन जाईल’ म्हणतात. तेवढंच काम त्यांचं. पितळ संपलं? होऊन जाईल. पॉलिशवाला आला नाही? होऊन जाईल. अख्खा कारखाना त्यांना पाठीमागे ‘होऊनजाईल’ म्हणतो आणि तुम्हाला सांगते, मीसुद्धा म्हणते.

तर आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे समुद्रापलीकडची एक बाई. ती इटालियनशिवाय एक अक्षर बोलत नाही आणि पत्रावर तिचा विश्वास नाही. ‘कागद काय, कुणीही लिहितं, मला आवाज ऐकू दे,’ म्हणते. बारा वर्षं तिच्याशी बोलायला एक दुभाषे होते, त्यांचे गुडघे गेले म्हणून ते घरी बसले. आता गुडघ्यांचा आणि इटालियनचा काय संबंध? पण बसले! आणि काकांची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. विद्यापीठात अभ्यासक्रम होताच, ‘व्यावसायिक संवादासाठी इटालियन’. मला काय शिकायचं होतं ते कुणी विचारलं? छे! फी भरून आल्यावर मला सांगितलं.

पहिले दोन महिने बरे गेले हो. शुभेच्छापत्र, चौकशीपत्र, आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत... कागदावर मी वाघीण! मग आला टेलिफोनचा धडा. आमच्या मॅडम काय करतात, दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवतात, एकीवर त्या, एकीवर तुम्ही. फोनवर समोरचा दिसत नाही ना, म्हणून. समोर बघायला फक्त भिंत, आणि पाठीमागून येतो आवाज, ‘प्रोन्तो!’ म्हणजे हॅलो. अहो, माझे कान लालेलाल, सगळं इटालियन मेंदूतून निघून पायात जातं. तेव्हा तोंडातून एकच शब्द निघतो. ‘चेर्तो!’ म्हणजे नक्की. अवश्य. का नाही! अहो, वळणच तसं पडलंय, बोबडं बोलत होते तेव्हापासून ऐकतेय, गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही!

आणि अशा अवस्थेत मला घरी पहिल्यांदा खऱ्या फोनवर बसवलं. काका म्हणाले, “सांग तिला, वीस तारखेला माल निघतो.” मी सांगितलं. बाईंनी विचारलं, नक्की? मी म्हटलं, चेर्तो! मग त्या अगदी सावकाश बोलल्या, लहान मुलाला समजावतात तशा. म्हणाल्या, हँडलं वृद्धाश्रमासाठी आहेत. ऐंशी खोल्या, ऐंशी म्हातारी माणसं. तुम्ही म्हणताय म्हणून मी त्यांना राहायला येण्याची तारीख कळवते. तुम्ही म्हणताय म्हणून! मी. एकोणीस वर्षांची. जिला पाठमोऱ्या बाईची भीती वाटते!

आणि पुढच्याच आठवड्यात साचा तडकला. तीनशे वीस हँडलांची मागणी, एकशे दहा तयार, आणि साचा दोन तुकडे. मी काकांना म्हटलं, तिला कळवू या. काका म्हणाले, “होऊन जाईल.” बाबांकडे बघितलं तर ते तडकलेल्या साच्याकडे बघायला लागले. बाबा संकटाच्या वेळी नेहमी एखाद्या वस्तूकडे बघतात.

तेव्हापासून तुम्हाला सांगते, डोळे मिटले की ऐंशी म्हातारी माणसं दिसतात. आत अडकलेली. दाराला हँडलाच्या जागी नुसतं भोक, आणि त्या प्रत्येक भोकातून एकेक डोळा माझ्याकडे बघतोय. आणि एक आजी तर बाथरूममधून हाक मारते, “अगं ए चेर्तो, उघड!”

हसा, हसा. सोमवारी तोंडी परीक्षा होती, तिथेही सगळे हसलेच. पाठीला पाठ. हातात कार्ड दिलं, गिऱ्हाईक दहा दिवसांत माल मागतंय, ते शक्य नाही, नम्रपणे नकार द्या. एवढंच! नकाराची वाक्यं मला तोंडपाठ, झोपेत विचारा! पाठीमागून आवाज आला, “दहा दिवसांत द्याल का?” मी म्हटलं, चेर्तो! वर्गात खसखस. मॅडमना दया आली, नाही म्हणणं सोपं जावं म्हणून त्यांनी मुदत आणखी कमी केली, “मग पाच दिवसांत?” चेर्तो! “उद्या?” चेर्तो, चेर्तो! मॅडम खुर्चीवरून उठून माझ्यासमोर आल्या आणि मराठीत म्हणाल्या, “बाई गं, तुझा माल आता कालच पोहोचलाय.” मग गुण मांडता मांडता म्हणाल्या, “उच्चार उत्तम. तुला जो कामावर ठेवेल तो बुडेल.” नापास!

घरी सांगितलं, तर आजोबांना कळेचना. “नापास? का? गिऱ्हाईक नाराज झालं का?” मी म्हटलं, नाही, खूश झालं. “मग मास्तरणीचंच चुकलं!” काका म्हणाले, “बाहेरच्या लोकांना धंदा काय कळणार?” पुन्हा परीक्षा आहे पुढच्या सोमवारी, पण ती राहू दे, त्याआधी आली वीस तारीख.

काल दुपारी दोन. ऑफिसची खोली केवढी, दोन खुर्च्यांची, त्यात आम्ही चौघं, शिवाय तयार एकशे दहा हँडलांचे खोके. आजोबा खुर्चीत, कानामागे हात. बाबा उभे, हातात एक हँडल, अर्थात त्याच्याकडे बघत. आणि काकांनी खोक्याचं झाकण फाडून त्यावर जाड अक्षरांत लिहिलेलं, ‘माल निघाला’. ते माझ्यासमोर धरून उभे! मी म्हटलं, काका, माल तिथे कोपऱ्यात आहे. “अगं, निघालाच समज. नंतर म्हणू, वाटेत अडकला.” मी म्हटलं, हे खोटं आहे. तर काका काय म्हणाले असतील? म्हणाले, “आम्ही कुठे खोटं बोलतोय? बोलणारी तू!”

अहो... हे ऐकलं आणि मी खरीच घाबरले. कारण खरंच होतं ते! ह्या तिघांना एक शब्द येत नाही. तीनशे वीस हँडलांचं, ऐंशी म्हाताऱ्यांचं सगळं खोटं ह्या एका जिभेवरून जाणार, आणि जीभ माझी! आणि तेवढ्यात फोन वाजला.

स्पीकर लावला. “प्रोन्तो,” बाई म्हणाल्या, “एकच प्रश्न आहे. माल निघाला का? दारं बसवणाऱ्यांना मी आत्ता निरोप देतेय.” झाकण नाकासमोर आलं. आजोबा म्हणाले, “बोल, बाळा.” मी झाकणाकडे बघितलं, कोपऱ्यातल्या खोक्यांकडे बघितलं, मग काय केलं सांगू? खुर्ची गर्रकन फिरवली. तिघांकडे पाठ, तोंड भिंतीकडे. मॅडमची पद्धत! जीव मुठीत धरला, डोळे मिटले आणि म्हटलं, “नो.”

आणि मग थांबताच येईना! नो, माल निघाला नाही, साचा तडकला, एकशे दहा तयार आहेत, बाकीच्यांना अठरा दिवस लागतील, कळवायला उशीर केला ही आमची चूक... परीक्षेत जे एक वाक्य आठवलं नाही ते सगळं धबाधबा, आणि पाठीमागून आजोबा कौतुकाने, “काय झरझर बोलते हो!” आणि ‘नो’ म्हणजे इटालियनमधलं ‘हो’ असं समजलेले काका, “बघा, म्हटलं नव्हतं, होऊन जाईल!”

बाई उत्तर देईपर्यंत मी मनातल्या मनात कारखान्याला कुलूप लावलं, बाबांना नोकरी शोधायला पाठवलं, स्वतः घर सोडून गेले... आणि मग बाई म्हणाल्या, “एकशे दहा आज पाठवा. खालचा मजला होईल. वरच्या मजल्यावरच्यांना मी थांबायला सांगते.” आणि पुढे जे म्हणाल्या ना... फोन ठेवल्यावर मी खुर्ची पुन्हा फिरवली आणि ते तिघांना जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुमचे आधीचे दुभाषे बारा वर्षं प्रत्येक गोष्टीला चेर्तो म्हणायचे. मी त्यांच्या तारखेत गुपचूप एक महिना मिळवायचे. तुमचा आवाज नवा होता, म्हणून ह्या वेळी मिळवला नाही.”

काकांच्या हातातलं झाकण खाली आलं. “म्हणजे तू... नाही म्हणालीस? गिऱ्हाइकाला?”

“हो.”

“लाव परत फोन! सांग, पोरगी शिकाऊ आहे, बोलताना चुकली. माल निघालाय म्हणून सांग!”

आजोबा म्हणाले, “बाळा, भट्टी पेटली त्या दिवसापासून ह्या घरात—”

“नाही.”

काका म्हणाले, “नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही. फोन लावणार नाही, झाकण वाचणार नाही. आणि आजोबा, ती बारा वर्षं महिना मिळवत होती. तुमचा नियम तिला पहिल्यापासून ठाऊक होता. मग आपण एवढी वर्षं फसवत होतो कुणाला?”

हे मी बोलले! आजोबांचा हात अजून कानामागेच. काकांनी ‘होऊन’पर्यंत तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बाबांनी... हे मात्र मी विसरणार नाही... बाबांनी हातातलं हँडल खाली ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं.

आणि तेवढ्यात पुन्हा फोन वाजला! दुसरं गिऱ्हाईक. इथलंच. साध्या मराठीत बोलणारं! मी म्हटलं, उचला. काका छताकडे बघताहेत. आजोबांना अचानक ऐकू येईनासं झालंय. बाबा हळूच म्हणाले, “तूच घे. तुला नाही म्हणता येतं.”

झालं! कालपासून आमच्या कारखान्यातला प्रत्येक फोन मी उचलते. आणि दर वेळी तेच लाल कान. का? विचारायचं नाही!