पडवी बाकी

हॅलो?… हो, मीच. राहनाळच्या घरात तुझ्या बापाशिवाय दुसरं कोण फोन उचलणार, उन्नती?… अगं, हळू. एवढी घाबरलीस कशाला?

पंखा? बंदच आहे. तुझ्या मोबाईलवर आपल्या सोलरची शून्य वीज दिसणारच… नाही, नाही, चक्कर नाही आली. जमिनीवर पडलोय खरा, पण मजेत… चटई घालून गं!

सोलरच्या पॅनलला काय झालं? हसणार नसशील तर सांगतो… पोरांनी त्याला चुना लावला… हो, हो, अंगणातल्या पॅनलला. चूक माझीच. आठवडाभर मीच शिकवत होतो, काळा रंग ऊन गिळतो, पांढरा परतवतो. शेजारच्या विशालने वर चढून आपल्या छपराचा पत्रा चुन्याने पांढरा केला, पोरं खालून बादल्या देत होती. मग विशालच्या पोरीला, पूर्वीला वाटलं, हे काळं बिचारं दिवसभर उन्हात उभं, त्यालाही गार करू या… छे, ओरडलो नाही. कसा ओरडू? धडा तर बरोबर पाठ झाला होता!

धुऊन निघेल तर ना! चुन्यात कांजी आहे. सायझिंगच्या कारखान्यात सूत ताठ करायला लावतात ती. पावसात चुना वाहून जाऊ नये म्हणून विशालने त्याच्या कारखान्यातून डबाभर आणलेली… पोरं नारळाची शेंडी घेऊन घासतायत. निघेल हळूहळू.

अगं ऐक ना… घर कसं झालंय सांगू? तो वरचा झरोका आठवतो, तुझ्या आजोबांनी गोदामांच्या धुळीपायी विटांनी बुजवलेला?… तोच. उघडला. ओलं गोणपाट लावलंय, धूळ तिथेच अडते. आणि खाडीचा वारा… जुनी वाट विसरलाच नव्हता गं. डोळे मिटले की वाटतं, होडीत निजलोय, भरतीची वाट बघत. हायवेचे ट्रकसुद्धा लाटांसारखे वाजतात. तुझी आई असती तर काठावरून हाक मारली असती, ‘जेवायचं हाय का न्हाय?’… नाही, झोपलो नाही. बोल.

आठवतं, आठवतं. दुपारी दोनला घरात पारा छत्तीसच्या वर गेला, तर शनिवारी बॅग भरून तुझ्याकडे कल्याणला. कायमचं. गेल्या वैशाखात एकेचाळीस होता, मी भोवळ येऊन पडलो… शब्द दिलाय मी, बाय… पंखा बंद म्हणून काय झालं? पंखा घाम सुकवतो, पारा नाही उतरवत. चौथीत शिकवलं होतं ना तुला?

थांब, दोन वाजले. पूर्वी, ये गं, बघ. डोळा पाऱ्याच्या बरोबर समोर धर. घाई नको. हां… किती?

काय म्हणतेस? छत्तीसच लिहू?… न्हाय गं बाय. दिसतं तेच लिहायचं. अर्धा म्हणजे अर्धा.

ऐकलंस, उन्नती? साडेछत्तीस… हो… ठरलं ते ठरलं. भरतो बॅग. माळ्यावर ती निळी आहे, तीच काढतो…

हॅलो?… आहेस ना?

बाहेर? बाहेर बेचाळीस… हो, सगळा पत्रा पांढरा झाला. पडवीचा तेवढा राहिला… चुना संपला म्हणून… कसा म्हणजे? शेवटची बादली पॅनलवर गेली ना!

हसतेस काय?… अगं, नीट बोल… शनिवारी? तू येतेस?… चुना कल्याणहून कशाला, इथे मिळतो. तू जुना ड्रेस तेवढा आण… आणि माझी बॅग?… राहू दे म्हणतेस? पडवी रंगवून पुन्हा मोजू?… बघ हं, माझ्या म्हातारपणाकडे बघून उगाच… बरं… बरं गं बाय.

पूर्वी, साडेछत्तीस लिहिलंस? शाब्बास. आता त्याच्याखाली लिही, ‘पडवी बाकी’. ठळक लिही, शनिवारी तुझी उन्नती आत्या वाचणार आहे…

हां, उन्नती, बोल… काय? कसली टूं-टूं?… बॅटरी संपत आली वाटतं… अगं, फोनचंही चार्जिंग त्या पॅनलवरच होतं ना, आणि ते तर अजून पांढरं…